पाण्याचे बिल आणि माणसाची ऐपत



पाणी आकाशातून फुकट पडते, हे खरे. पण घरात ते फुकट येत नाही. पंप, गाळण्या, रस्त्याखालचे नळ यांचा खर्च आपण घागरभर पाणी घेतले काय आणि हौदभर घेतले काय, फारसा बदलत नाही. तो कोणीतरी भरलाच पाहिजे. वाद आहे तो 'कोणी' एवढाच.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे उदाहरण घेऊ. १९५० साली तेथे साडेअठरा लाख वस्ती होती. २०१० साली ती सव्वासात लाखांच्या आत आली. माणसे गेली, कारखाने गेले, नळ मात्र जेवढ्यास तेवढे लांब राहिले. त्यांचा भार उरलेल्यांवर पडला, आणि उरलेले बहुतांशी गरीब! २०१३ मध्ये शहराने दिवाळे काढले. पुढच्याच वर्षी, ज्यांची थकबाकी दीडशे डॉलरांवर किंवा दोन महिन्यांची होती, अशा हजारो घरांचे नळ तोडण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा न्यायाधीशांनी तोडणी थांबविण्यास नकार दिला. पाणी मिळण्याचा सक्तीने बजावता येईल असा हक्क कायद्यात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण नळ तोडल्याने कंगाल माणसाच्या खिशात पैसा येतो, हे अर्थशास्त्र आम्हांला तरी उमगलेले नाही. इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती नळ थकबाकीपायी तोडण्यास १९९९ च्या कायद्यानेच बंदी केली.

फिलाडेल्फियाने वेगळी वाट धरली. २०१७ पासून तेथे गरीब कुटुंबाचे बिल पाण्याच्या मापावर न ठरता प्राप्तीवर ठरू लागले. योजना सुरू झाली तेव्हाचा हिशेब असा: अगदी खालच्या पायरीवरच्यांनी प्राप्तीच्या दोन टक्के द्यायचे, त्यावरच्यांनी अडीच, त्याहून वरच्यांनी तीन, मात्र महिन्याला निदान बारा डॉलर. तिघांच्या कुटुंबात महिना हजार डॉलर येत असतील, तर बिल पंचवीस डॉलर. खेरीज, चालू बिले नियमाने भरणाऱ्याची जुनी बाकी कालांतराने माफ होण्याचीही सोय पुढे झाली. यात शहाणपण असे की, जो थोडे भरू शकतो त्याला तेवढे भरू द्यावे. सगळेच बुडविण्याची पाळी त्याच्यावर आणू नये.

ही तूट शहरातील इतर ग्राहकांच्या दरातून भरून काढतात. कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. कॅलिफोर्नियात तर १९९६ च्या एका लोकनिर्णयामुळे नगरपालिकांना एकाच्या पाणीदरातून दुसऱ्याला सवलत देणे फार अवघड झाले आहे. मग पैसा सरकारी तिजोरीतून यावा लागतो, आणि तिजोरीचा भरवसा कसला? अमेरिकन केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस महामारीत पाणीबिलांसाठी साहाय्य मंजूर केले. नव्या रकमेची तरतूद न झाल्याने ते पुढे संपले. आम्हांला शेजाऱ्याच्या बिलातील चार पैसे अधिक खात्रीचे वाटतात.

एक गोम मात्र राहतेच. सवलत बिलावर मिळते. ज्याच्या नावाने बिलच नाही, त्या भाडेकरूच्या हाती काय पडणार? मुंबईत तर त्याही अगोदरचा प्रश्न होता. २००० नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही, घर अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने पाणी नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाला २०१४ मध्ये महापालिकेस सांगावे लागले. तेथे आधी नळ. बिलाची गोष्ट मागाहून.