इंडी म्हणजे काय? टेम्पोवाल्याला विचारा

आवाज जरा वाढवून घ्या, कारण आज माझ्या खोलीतला पंखा माझ्यापेक्षा जास्त बोलतोय.

आधी घरची बातमी. आम्हा तिघा मित्रांचं गाणं मागच्या महिन्यात आलं, हे तुम्हाला माहितीच आहे. व्ह्यूज फार नाहीत, पण एका लेबलचा मेसेज आला. 'गाणं आम्ही घेतो, प्रमोशन आमचं.' सोबत नऊ पानांची पीडीएफ. सहाव्या पानावर एक ओळ : मास्टरचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, लेबलकडे. मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. आमचा ढोलकीवाला म्हणाला, 'सही कर ना, आपल्याला कोण विचारतंय एरवी?' मी म्हटलं, थांब. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

गंमत म्हणजे हे लेबल स्वतःला 'इंडी' म्हणवतं. म्हणून मी शोधायला बसलो, की इंडी हे ठरवलं कुणी? आणि पोचलो थेट ब्रिटनमध्ये, 1980 साली.

त्या वर्षी जानेवारीत तिथे इंडिपेंडंट लेबलांचा वेगळा साप्ताहिक चार्ट सुरू झाला. पहिल्या आठवड्यात सिंगल्समध्ये एक नंबरला होता स्पिझएनर्जी नावाचा बँड, रफ ट्रेड लेबलवर. रफ ट्रेड म्हणजे मुळात पश्चिम लंडनमधलं रेकॉर्डचं दुकान, 1976 मध्ये उघडलेलं. आता या चार्टमध्ये कुणाला घ्यायचं? तुम्हाला वाटेल, गिटार वाजवणारी, केस विस्कटलेली पोरं. तसं नाही. नियम संगीताचा नव्हताच. नियम होता वितरणाचा. तुमची रेकॉर्ड दुकानापर्यंत मोठ्या कंपनीच्या वितरणातून गेली, तर तुम्ही इंडी नाही. स्वतंत्र वितरकाकडून गेली, तर इंडी. म्हणजे आपल्या भाषेत, टेम्पो कुणाचा, एवढंच बघायचं.

हे ऐकायला फालतू वाटतं, पण नीट विचार करा. रेकॉर्ड छापणं तेव्हाही जमण्यासारखं होतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी 1977 मध्ये ओळखीपाळखीत साधारण पाचशे पौंड उसने घेऊन आपली पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली होती. पण छापलेले खोके खाटेखाली पडून राहिले तर काय उपयोग? म्हणून छोट्या वितरकांनी एकत्र येऊन 'द कार्टेल' नावाचं जाळं उभं केलं. लंडन, यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल अशा गावांतले लोक एकमेकांचा माल आपापल्या भागातल्या दुकानांत पोचवायचे.

आता खरी मजा. 1987. रिक अ‍ॅस्टली माहितीये ना? ज्याच्या गाण्याची लिंक पाठवून सगळे एकमेकांना गंडवतात, तोच. ते गाणं पाच आठवडे ब्रिटनच्या मुख्य चार्टवर एक नंबरला होतं. लिहिणारे आणि निर्माते तिघे : स्टॉक, एटकन, वॉटरमन. हिट गाण्यांचा कारखानाच म्हणा. त्यांना खाली ओढलं कुणी, तर फोरएडी नावाच्या छोट्या लेबलवरच्या 'पंप अप द व्हॉल्यूम'नं. ते करणाऱ्या गटाचं नाव मार्स. खरं तर हा गट नव्हताच. कलरबॉक्स आणि ए. आर. केन हे एकाच लेबलवरचे दोन बँड. लेबलच्या मालकानं, आयव्हो वॉट्स-रसेलनं, त्यांना एकत्र बसवलं. जमलं नाही. मग एक बाजू यांनी केली, दुसरी त्यांनी. सोबतीला दोन डीजे. दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले तुकडे जोडून, त्यावर बीट चढवून हे गाणं शिवलेलं, आपल्या आजीच्या गोधडीसारखं.

गाणं दोन नंबरवर असताना स्टॉक-एटकन-वॉटरमन कोर्टात गेले. म्हणे आमच्या 'रोडब्लॉक' या रेकॉर्डमधला तुकडा यात वापरलाय. विक्री काही दिवस थांबली. (तुकडा इतका छोटा होता, की डीजेपैकी एकजण रेडिओवर फुशारकी मारून गेला नसता तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं, असं तो नंतर स्वतःच म्हणाला. मित्रांनो, मुलाखतीत कमी बोला!) तरीही ऑक्टोबरमध्ये गाणं एक नंबरवर गेलंच. छोट्या लेबलनं देशाचा मुख्य चार्ट जिंकला. आणि मार्सचं ते पहिलं आणि शेवटचं सिंगल. श्रेय आणि पैसा यावरून दोन्ही बाजू फाटल्या त्या फाटल्याच.

पुढच्याच वर्षी काय झालं बघा. वॉटरमन यांचं स्वतःचं लेबल होतं, पीडब्ल्यूएल. त्यांनी ऑस्ट्रेलियन मालिकेतली एक नटी घेतली, कायली मिनोग. 'आय शुड बी सो लकी' मुख्य चार्टवर पाच आठवडे पहिलं. आणि पीडब्ल्यूएलचा टेम्पो स्वतंत्र वितरकाचा, त्यामुळे इंडी चार्टवरही तेच पहिलं! काळे कपडे घालून इंडी चार्ट वाचणाऱ्या पोरांचा किती जळफळाट झाला असेल. पण नियम म्हणजे नियम. मला विचाराल तर नियम बरोबरच होता. गाणं गोडगोड आहे म्हणून मालक कोण हे बदलत नाही.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मग फॅक्टरी रेकॉर्ड्सपाशी आलो आणि सहावं पान आठवलं.

फॅक्टरी मँचेस्टरची. टोनी विल्सन हा टीव्हीवरचा माणूस तिचा चेहरा. न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' 1983 मध्ये त्यांनीच काढलं. इंडी चार्टवर पहिलं, मुख्य चार्टवर नऊपर्यंत. फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं कव्हर, समोर बँडचं नावसुद्धा नाही. कव्हर इतकं महाग, की प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा, अशी दंतकथा आहे. फॅक्टरीच्याच लोकांनी ती वेगवेगळ्या आकड्यांनी सांगितलीय. पण या लेबलची खरी विचित्र गोष्ट कव्हर नाही, करार आहे. रेकॉर्डिंगची मालकी बँडकडेच राहील, अशी त्यांची पद्धत होती.

1992 मध्ये फॅक्टरी कर्जात बुडाली. लंडन रेकॉर्ड्स विकत घ्यायला आली. कागद तपासले, तर गाणी फॅक्टरीची नाहीतच, न्यू ऑर्डरची! मग लेबल विकत घेऊन करायचं काय? सौदा मोडला, फॅक्टरी बुडाली आणि न्यू ऑर्डर आपली गाणी घेऊन स्वतःच लंडन रेकॉर्ड्सकडे गेले.

फार गुलाबी करून सांगत नाही. न्यू ऑर्डरची गाणी वाचली, पैसे नाही वाचले. लेबलसोबत त्यांनी हासिएंडा नावाचा क्लब चालवला आणि त्यात बदाबदा पैसा गेला. पण बँडकडे विकायला काहीतरी उरलं होतं, ते त्या मालकीमुळे.

आज टेम्पो आपल्या खिशात आहे. आमचं गाणं आम्ही फोनवरूनच चढवलं, एका दुपारी. मग लेबल आमच्याकडे नक्की काय मागतंय? तो खोका, कायमचा.

काल आम्ही उत्तर पाठवलं : 'कायमस्वरूपी'च्या जागी पाच वर्षं करा, सही करतो. ढोलकीवाला माझ्याशी बोलत नाहीये. आत्ता गुरुवार रात्रीचे अकरा वाजलेत, मेसेजवर दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. आलं की पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्यापैकी कुणी असा करार केला असेल, तर सहाव्या पानावर काय होतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा.