विद्यापीठ दाराशी आले, पुढे काय?

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१९२३ साली नागपूरला विद्यापीठ झाले आणि पुढे अनेक दशके चांद्यापासून भामरागडपर्यंतच्या विद्यार्थ्यांना पदवी नागपूरचीच मिळत राहिली. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ज्या गोंड राजांनी चांद्याचा परकोट बांधला, त्यांच्या भूमीला स्वतःचे विद्यापीठ लाभले, ही अभिमानाची गोष्ट होय.

परंतु दार उघडले म्हणजे वाट सुकर झाली असे नव्हे. भामरागडच्या बालकाची मातृभाषा माडिया. शाळेत मात्र त्याच्यापुढे पुस्तक येते मराठीचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. जो चौथीतच मागे पडला, तो पदवीपर्यंत पोहोचणार कसा? हे बालक बुद्धीने उणे नाही. त्याची भाषा शाळेला कळत नाही, एवढेच.

इमारती शासन उभारील. आपुलकी समाजालाच द्यावी लागेल. १९५२ मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचे कार्य आरंभिले, ते मुलांच्या वसतिगृहापासूनच.

म्हणून माझी विनंती आहे. शिक्षणासाठी शहरात आलेल्या एका तरी वनवासी विद्यार्थ्याचे पालकत्व आपल्या कुटुंबाने स्वीकारावे. सणाला त्याला घरी बोलवा, गणित-इंग्रजीत साहाय्य करा आणि त्याच्याकडून माडियाचे चार शब्द शिका. उपकार म्हणून नव्हे; घरचेच लेकरू म्हणून.

भारतमाता की जय!