परसबाग आखताना घरच्या बाईला विचारा

करकंबच्या बचत गटांकडून आज आम्ही परसबागेवर बोलणार आहोत. बी कुठलं, खत किती, हे तुम्ही बऱ्याचदा ऐकलंय. आज बोलायचंय ते बाग आखायची कुणी, यावर.

शहरात बंगला बांधला की बाग आखायला जाणकार बोलावतात. तो चांगला असला तर आधी घरच्यांना विचारतो, पाणी कुठून येतं, सावली कुठं पडते, मुलं कुठं खेळतात. मग कागद काढतो. आपल्याकडं तो जाणकार म्हणजे कृषी सखी. पण कागद बऱ्याचदा आधीच तयार असतो, आणि अंगण त्यात बसवायचं असतं.

प्रशिक्षणात गोल बाग दाखवतात ना, गंगा माँ मंडल, ती मध्य प्रदेशातल्या दीपक सचदे यांनी घडवली. मांडणी फार विचारानं केलेली आहे. त्यांचे गुरू कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, त्यात शेतकरी स्वतःच प्रयोग करायचे आणि एकमेकांना शिकवायचे. म्हणजे या बागेचं मूळच ‘स्वतः बघा, स्वतः करा’ असं आहे. पण पुऱ्या मंडलाला साधारण ३० फुटांचा गोल लागतो. गावठाणात एवढी मोकळी जागा किती घरांना आहे?

आमच्या गटातल्या एका वहिनींकडं घरामागं १२ फूट रुंद पट्टा. त्यात शेळ्या, कोंबड्या आणि उन्हाळ्यात वाळवणाच्या खाटा. सखीताईंनी गोल दाखवला. वहिनी म्हणाल्या, “ताई, मग शेळी बांधू कुठं?” सखीताई चांगल्या, कागद घडी घालून ठेवला. दोघींनी राख घेतली आणि जमिनीवरच रेघा ओढायला बसल्या.

न्हाणीचं पाणी कुठं मुरतं, दुपारनंतर भिंतीची सावली कुठवर येते, कोंबड्या कुठून घुसतात, हे वहिनींना पाठ. सखीताईंनी सांगितलं, शेवगा उत्तरेच्या कडेला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, उंच झाड दक्षिणेला असलं तर भाजीवर सावली धरतं. साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते केळीला आणि कर्दळीला सोडा. दोडका, कारलं कुंपणावर चढवा, म्हणजे जमीन अडत नाही. मेथी एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी मूठभर टाका. महिन्याभरात काढायला येते, आणि घरात खंड पडत नाही.

सासूबाईंनी मधेच येऊन वाळवणाची जागा राखून घेतली. बरं झालं. नाहीतर मे महिन्यात त्याच वाफ्यावर खाट आली असती.

खरी बोलणी झाली ती पाण्यावर. सखीताईंनी आठ वाफे सुचवले होते. वहिनींनी विचारलं, “उन्हाळ्यात एवढ्या घागरी आणायच्या कुणी?” घरात बाकी कुणी उत्तर देईना. मग उन्हाळ्यापुरते तीनच वाफे ठेवायचे ठरले, बाकीच्यांवर उसाचं पाचट पसरायचं. आपल्याकडं पाचटाला काय तोटा! गंमत बघा, शिवारात ऊस उभा असतो आणि कोथिंबिरीची जुडी विकत आणतो. हात आखडला की ताटातून आधी पालेभाजीच जाते, आणि तीही आधी बाईच्याच ताटातून. म्हणून ही बाग तगायला हवी, आणि पाणी घालणारीला झेपली तरच ती तगते.

बियांचंही बोलून घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या सासूबाईंकडं घेवड्याचं जुनं बी असेल, तर पाकीट फोडायच्या आधी ते काढा.

पुढच्या बैठकीला येताना एवढं करा. परसू पावलांनी मोजा. सकाळी, दुपारी आणि चार वाजता ऊन कुठं असतं ते बघा. मोरीचं पाणी कुठं जातं ते बघा. आणि एप्रिलमध्ये रोज किती घागरी बागेला देता येतील, ते घरात सगळ्यांसमोर विचारून या. सखीताईंना आम्ही बोलावलंय. राख आमची.