जुन्या संगणकाचा नवा आरंभ

सन कंपनीचा १९९४ मधील ‘स्पार्कस्टेशन ५’ हा संगणक आज सुरू केला, तर पुष्कळदा आरंभीच अडून बसतो. आरंभीच्या सूचना आणि संगणकाचा जाळ्यातील पत्ता जपणाऱ्या चिपमधील बंदिस्त बॅटरी संपलेली असते. एवढ्यावरून चांगले संगणक भंगारात जावेत, हे खेदजनक आहे. ही चिप सॉकेटमध्ये बसविलेली असल्याने सहज बदलता येते. त्यानंतर ‘स्टॉप’ व ‘ए’ या कळा एकत्र दाबल्या की पडद्यावर ‘ओके’ उमटते. तेथे ‘सेट-डिफॉल्ट्स’ या आज्ञेने मूळ मांडणी आणावी. मग ‘एमकेपी’ने पत्ता एकेक अंक तपासून नोंदवावा, हे काम घाईचे नव्हे. शेवटी ‘बूट सीडीरॉम’ म्हणताच नेटबीएसडी ही युनिक्सच्या कुळातील विनामूल्य कार्यप्रणाली तबकडीवरून सुरू होते.