लाल रेघेखालचे गणित



गणित शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मला बोलायचे आहे ते एका चुकलेल्या उत्तराबद्दल.

एका छात्राध्यापिकेचा सरावपाठ पाहायला मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तिने ‘चोपन्न’ लिहायला सांगितले. माझ्या शेजारच्या मुलाने ४५ लिहिले. तिने लाल रेघ मारली, ५४ लिहून दिले आणि ती पुढे गेली. पाठ टाचणाप्रमाणे वेळेत संपला, मीही चांगले गुण दिले. घरी जाताना मात्र मन चुकचुकले. मुलाने ऐकले तसे लिहिले होते. ‘चोपन्न’मध्ये चार आधी येतो, पन्नास मागून. ‘एकोणपन्नास’मध्ये तर चारही नाही आणि नऊही नाही!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खुलासे करावे लागले. भाषेच्या अभिमानाचे मुद्दे निघाले, विनोद फिरले. त्या वेळी मुलांच्या वह्यांतला पुरावा आपण पुढे ठेवायला हवा होता. माझ्या कपाटात तरी तो नव्हता. होते ते अमुक पद्धतीच्या परिणामकारकतेवरचे प्रबंध: पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, दोन गट आणि मध्यमानांतला फरक. किती मुले चुकली ते त्यात सापडते. काय विचार करून चुकली, ते सापडत नाही.

मुलाचा विचार समजायचा, तर शिक्षकाचे स्वतःचे गणितही पक्के हवे. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात चिनी आणि अमेरिकन प्राथमिक शिक्षकांची तुलना केली. त्यातला एक प्रश्न आपल्या भाषेत असा: पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचा. बऱ्याच अमेरिकन शिक्षकांनी रचलेले उदाहरण दोघांत सारखे वाटण्याचे निघाले, म्हणजे अर्ध्याने नव्हे, दोनने भागण्याचे. हसू नका. आपल्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर साडेतीन पिशव्या होतात, हे ‘उलटा करून गुणा’ पाठ असलेल्या पदवीधरालाही चटकन सुचेलच असे नाही.

हे दुखणे जुने आहे. शाळेतले गणित विद्यापीठात विसरायचे आणि शिक्षक झाल्यावर विद्यापीठातले विसरायचे, ही दुहेरी तूट गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच दाखवली होती. १९८६ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी बजावले की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे कसब यांच्या मध्ये शिक्षकाचे एक खास ज्ञान असते. आपण बी.एड.ला ‘आशययुक्त अध्यापन’ नावाचा विषय ठेवला, पण त्यातला आशय बहुधा पाठ्यपुस्तकाच्या विश्लेषणापाशीच थांबला.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे. वर्षे वाढतील, त्या वर्षांत काय भरायचे, हे आपल्या हाती आहे. माझी मागणी साधी आहे. छात्रसेवाकालात प्रत्येक छात्राध्यापकाने मुलांच्या दहा चुका जमवाव्यात, त्या मुलांशी बोलावे आणि ते बोलणे शब्दशः टिपून ठेवावे. एम.एड.च्या विद्यार्थ्यांनी त्या चुकांची वर्गवारी करावी. गणित विभागातल्या प्राध्यापकांनी त्यावर आम्हा शिक्षक-प्रशिक्षकांबरोबर बसावे, कारण दशमान लेखन आणि अपूर्णांक यांच्या तळाशी त्यांचेच गणित आहे. अशा नोंदी गावोगावच्या महाविद्यालयांत साठल्या, तर पुढच्या वादात आपल्याला सांगण्यासारखे काही असेल.

आणि सुरुवात माझ्यापासून. यापुढे सरावपाठाला गुण देताना टाचण मी नंतर पाहीन. आधी पाहीन की लाल रेघ मारण्यापूर्वी मुलाला कुणी विचारले का, “कसं केलंस रे, सांग बघू?”