किती लांब? : विज्ञानकथा आणि अवकाशातील अंतरे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बोलण्याची सुरुवात एका कबुलीने करतो. मी कला शाखेचा पदवीधर. भाषा शिकवणे हे माझे काम. परंतु शाळेत शिक्षक कमी पडले की विज्ञानाचा तासही घ्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी सहज बोलून गेलो, "ही अनेक प्रकाशवर्षांपूर्वीची गोष्ट आहे." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, प्रकाशवर्ष म्हणजे काळ नव्हे, अंतर." मी तिला खाली बसवले. घरी जाऊन पुस्तक उघडले, तो चूक माझीच! प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर जातो ते प्रकाशवर्ष. म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी तिची माफी मागितली.

ही चूक माझ्या डोक्यात आली कोठून? सिनेमातून आणि गोष्टींतून. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात एक वैमानिक आपले यान किती वेगवान आहे हे 'पार्सेक'मध्ये सांगतो. पार्सेक हेही अंतराचेच माप. सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचे. १९७५ साली इंग्लंडमध्ये 'स्पेस : १९९९' ही दूरदर्शन-मालिका निघाली. तीत स्फोटामुळे चंद्र आपली कक्षा सोडून भरकटतो आणि जवळजवळ प्रत्येक भागात एखाद्या नव्या ग्रहाजवळ जाऊन पोचतो. जणू एस.टी.ने एकामागून एक थांबे घ्यावेत!

मग मी त्याच वर्गाला मैदानावर नेले. प्रमाण ठरवले : एक कोटी किलोमीटर म्हणजे एक मीटर. ह्या मापाने सूर्य झाला चौदा सेंटिमीटरचा, एका पपनसाएवढा. ते पपनस शाळेच्या फाटकाशी ठेवले. पंधरा पावले मोजली आणि त्या मुलीच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवला. ती आपली पृथ्वी. चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरांवर, रव्याच्या कणाएवढा. गुरू अठ्ठ्याहत्तर मीटरांवर आणि शेवटचा नेपच्यून साडेचारशे मीटरांवर, गावाच्या थांब्यापाशी. मधली सारी जागा रिकामी. मुलगी म्हणाली, "सर, शेजारचा तारा कुठे ठेवायचा?"

आम्ही गणित केले. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. आमच्या मापाने तो चार हजार किलोमीटरांवर आला. आपल्यापैकी अनेकांची माणसे दुबईला आहेत. मुंबईहून दुबई जितकी लांब, त्याच्या दुपटीहूनही थोडे अधिक! येथे एक पपनस, तेथे दुसरे, त्याहूनही लहान. आणि त्या मापाने प्रकाशाचा वेग किती? सेकंदाला तीन सेंटिमीटर, म्हणजे मुंगीची चाल. मुलांमध्ये एकदम शांतता पसरली. मग एक मुलगा म्हणाला, "सर, मग सिनेमातली माणसं मधल्या सुट्टीत तिकडे जाऊन येतात कशी?" आणि सारे हसले.

आता माणसाच्या कर्तबगारीकडे पाहा. 'व्हॉयेजर-१' हे यान १९७७ साली निघाले. २०१२ साली ते ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर. आमच्या मापाने ते वर्षाला त्रेपन्न मीटर जाते. ह्या वेगाने प्रॉक्सिमापर्यंत जायचे तर पंचाहत्तर हजार वर्षे लागतील.

चित्रपटांत लघुग्रहांचा पट्टा म्हणजे दगडांची गर्दी. यानाने अंग चोरून वाट काढायची. प्रत्यक्षात तेथील दोन लघुग्रहांमध्ये सरासरी दहा लाख किलोमीटरांच्या आसपास अंतर असते, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांमधल्या अंतराच्या अडीचपट. १९७२-७३ मध्ये 'पायोनियर-१०' हे यान तो पट्टा सुखरूप ओलांडून गेले.

एका पालकांनी मुलाच्या हातातली विज्ञानकथा काढून घेतली आणि मला म्हणाले, "सर, असलं खोटं वाचून पोरगा वाया जाईल." त्यांच्या मनातली काळजी मला समजते. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या बापाला मुलाचा एक तासही फुकट गेलेला खपत नाही. तरीही मी त्यांना म्हटले, "भाईसाहेब, पुस्तक परत द्या, फक्त सोबत मोजपट्टीही द्या." कल्पना करणे हा दोष नव्हे. लेखकाने प्रकाशाहून वेगवान यान कल्पिले तर तो कथेचा करार आहे, आपण तो मान्य करू. दोष आहे तो मोजमाप न करण्यात. आपल्या मराठीतच पाहा. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. शास्त्र सांभाळूनही कथा रंगते, हे त्यांनी दाखवून दिले.

पालकहो, आपली मुले पुढे कर्जाचे कागद वाचतील, पुढाऱ्यांची भाषणे ऐकतील. लाख आणि कोटी यांतला फरक ज्याच्या अंगी मुरलेला नाही, त्याला कोणीही फसवू शकते. म्हणून मुलाने "किती लांब? किती मोठे?" असे विचारले तर त्याला गप्प बसवू नका. मी एकदा बसवले होते. त्याची खंत आजही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गोष्टी वाचा, सिनेमे पाहा, पण कागद-पेन्सिल जवळ ठेवा. आणि शिक्षकाचे चुकले तर अदबीने, पण उभे राहून सांगा. मैदानावरून परतताना त्या मुलीने मोहरीचा दाणा मला परत दिला नाही. कंपासपेटीत ठेवला आणि म्हणाली, "सर, हा हरवला तर आपण राहायचं कुठे?" ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.