उंची शेवटी ठरवावी

स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांत पहिल्यांदा काय सलत असेल, तर चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट. ती चार बोटांची पोकळी बुजवायची म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न जातो, गाडी किती खाली येईल? ३० मिलिमीटर, असं उत्तर येतं. त्या आकड्याच्या स्प्रिंगा मागवल्या जातात, आणि शॉक ॲब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजात शॉकअप म्हणतात, ते जुनेच राहतात, कारण ते ‘अजून चांगले आहेत’. माझं म्हणणं असं की हा सगळा क्रमच उलटा आहे. चाकाला वर यायला किती वाव लागतो, तेवढ्या वावात धक्का झेलायला स्प्रिंग किती कडक हवी, आणि त्या स्प्रिंगला आवरणारा शॉकअप कोणता, हे आधी ठरवायचं. मग गाडी किती खाली बसेल ते आपोआप कळतं, आणि तो आकडा मनातल्या आकड्याच्या निम्म्यावर आला तर नवल वाटायला नको.

उदाहरणाला माझदाची एमएक्स-५ घेऊ. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आलेली ही दोन आसनांची उघडी गाडी. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२६५ मिलिमीटर, आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे एकावर एक दोन दांडे. चालकासह एका स्प्रिंगवर २२० किलो भार येतो असं धरू. स्प्रिंगची जात ओळखायची एक सोपी रीत आहे. या भाराखाली चाकापाशी मोजून ती किती सेंटिमीटर दबते ते पाहायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने ५ ला भागायचं. सेकंदाला किती हेलकावे, तो आकडा मिळतो. २५ सेंटिमीटर दबली तर १ हेलकावा, म्हणजे जुन्या ऐसपैस मोटारींची डुलती चाल. ११ दबली तर १.५, ही रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारची चाल. सव्वासहा दबली तर २, म्हणजे गाडी रेसच्या वाटेला लागली. आपल्या गाडीला १.५ ची चाल हवी असेल, तर चाकापाशी दर सेंटिमीटरला २० किलोची ताकद लागते. इथे एक फसगत आहे. विशबोनच्या गाडीत स्प्रिंग चाकाच्या थेट वर नसते, आत सरकून विशबोनवर बसलेली असते. चाक १ सेंटिमीटर वर आलं की ती ०.७ दबते असं धरलं, तर ०.७ चा वर्ग, म्हणजे जेमतेम निम्मा कडकपणा चाकापर्यंत पोचतो. चाकापाशी २० हवेत, तर स्प्रिंग ४० ची घ्यावी लागते. खोक्यावरचा आकडा वाचून, किंवा मित्राच्या वेगळ्याच बनावटीच्या गाडीला मानवली म्हणून, स्प्रिंग उचलणारा पहिल्यांदा इथेच चुकतो.

आता वावाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. समजा कंपनीने दिलेल्या उंचीवर चाक ८० मिलिमीटर वर येऊ शकतं आणि मग बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेकतं. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की उरले ५०. रस्ता तोच, खड्डा तोच, वेगही तोच, तेव्हा झेलायची ऊर्जाही तीच. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये छापून प्रसिद्ध केलेल्या नियमातून असं निघतं की स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा कडकपणाच्या पटीत वाढते, पण दबण्याच्या मात्र वर्गाच्या पटीत. ८० ला ५० ने भागलं की १.६, त्याचा वर्ग २.५६. तोच धक्का ५० मिलिमीटरमध्ये झेलायचा, तर स्प्रिंग अडीचपटीहून कडक हवी, आणि हेलकावे १.५ वरून थेट २.४ वर जातात. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा सहसा एवढ्या कडक नसतात, आणि असत्या तर पहिल्याच आठवड्यात परत गेल्या असत्या. मग उरलेला धक्का बंप स्टॉप खातो. सरळ रस्त्यावर नुसता धप्प आवाज येतो, तो सोसता येईल. वळणावर मात्र बाहेरचं चाक बंप स्टॉपला लागलं की त्या कोपऱ्यातली स्प्रिंग क्षणात कैकपट कडक झाल्यासारखी होते, भार त्या टायरवर कोसळतो आणि पकड सुटते. चालक दोष देतो टायरला. हेच गणित १५ मिलिमीटरसाठी मांडा. ८० ऐवजी ६५ उरतात, स्प्रिंग दीडपट कडक लागते, हेलकावे १.८५ होतात. कडक, पण रोजच्या वापरात चालून जाईल अशी गाडी. उंची दुप्पट उतरवली तर कडकपणातली वाढ तिप्पट द्यावी लागते, हे लक्षात न घेताच सौदे होतात.

‘शॉकअप अजून चांगले आहेत’ या आक्षेपाचं उत्तरही इथूनच मिळतं. स्प्रिंग धक्का झेलते, जिरवत नाही. झेललेलं सगळं ती परत देते. जिरवतो तो शॉकअप, आतलं तेल बारीक भोकांतून ढकलून, धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलून. स्प्रिंग दीडपट कडक झाली की हेलकावा तितकाच लवकर विझवायला शॉकअपचा जोर दीडच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि तो प्रामुख्याने उसळीच्या बाजूने, स्प्रिंग गाडीला वर फेकते तेव्हा. जुना शॉकअप खराब झालेला नसेल, पण तो जुन्या स्प्रिंगचा जोडीदार आहे. नव्या स्प्रिंगवर गाडी खड्ड्यात आदळेल आणि बाहेर येताना पोहल्यासारखी डुलेल. याच्या उलट, जोर अवाजवी वाढवला तर एका खड्ड्यातून वर गेलेलं चाक दुसरा खड्डा येईपर्यंत खाली पोचतच नाही. ओळीने खड्डे असले की गाडी बसत बसत शेवटी बंप स्टॉपवर येऊन टेकते, म्हणजे जो वाव जपायचा होता तोच गेला. शिवाय उतरवलेल्या गाडीला शॉकअप नुसता जोरदार असून भागत नाही, त्याचं शरीरही आखूड हवं. नाहीतर त्याचा दांडा मुळातच आत ढकललेला राहतो.

कोणी म्हणेल, गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर फायदा होणारच. होतो, नाकारत नाही. पण किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८० मिलिमीटरवर असेल आणि तो ३० ने खाली आला, तर वळणावर एका बाजूहून दुसरीकडे सरकणारा भार सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. रेसमध्ये सहा टक्के म्हणजे सोनं. पण हे सोनं फुकट मिळत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपच चाकाचा वरचा आधार असतो अशी रचना, असलेल्या गाडीत खालचा दांडा चाकाकडे वर तिरका होतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि खाली बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगवर पूर्वीपेक्षा जास्त कलते.

रेसच्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या असतात, त्याचं काय? त्यांचं खाली बसणं मुख्यतः हवेसाठी आहे. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीला फॉर्म्युला वनचा विश्वविजेता करणारी लोटस ७९ पोटाखालच्या हवेने जमिनीकडे ओढली जायची. पुढे १९८१ मध्ये सहा सेंटिमीटर उंचीची सक्ती आली, तेव्हा ब्रॅबमच्या संघाने उभी असताना नियमात बसणारी आणि धावताना हवेच्या दाबाने खाली बसणारी गाडी आणली. खाली राहण्यासाठी त्या काळच्या गाड्यांचं सस्पेन्शन दगडासारखं झालं होतं, आणि तेही घोटून गुळगुळीत केलेल्या ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीसाठी लोटसचंच दुसरं उदाहरण जवळचं आहे. कॉलिन चॅपमनच्या कंपनीची १९६२ ची एलान. हलकं शरीर, नरम स्प्रिंगा, चाकाला भरपूर वाव आणि नेमका जोर असलेले शॉकअप. वळणं घेण्यात तिचं नाव आजही निघतं, आणि एमएक्स-५ घडवणाऱ्यांच्या नजरेसमोर तीच होती. नरम म्हणजे मंद, या समजुतीला याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण.

उंची फिरवून बदलता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेले जोड, घेतले की प्रश्न मिटतो, असंही सांगतात. त्यांत दोन जाती आहेत. एकात फक्त स्प्रिंगची बैठक खाली घेतात, तेव्हा वावही तितकाच जातो. दुसऱ्यात शॉकअपचा खालचा भाग फिरवून त्याची लांबी कमी करता येते, त्यात शॉकअपचा दांडा जागच्या जागी राहतो. मात्र टायर मडगार्डला लागणार नाही हे तेव्हा बघावं लागतं. पैसे टाकायचेच तर दुसऱ्यात टाकावेत. आणि स्प्रिंग कापणं? सहा वेढ्यांतला एक कापला तर ती २० टक्क्यांनी कडक होते, हे गणित खरं आहे. पण चाक लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटते, आणि परत नीट बसेलच याची हमी कोणी देत नाही.

गाडी उतरवू नये यासाठी आपल्याकडे रस्त्याचं कारण सगळ्यांत आधी सांगितलं जातं. गंमत अशी की इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापातला गतिरोधक, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, एमएक्स-५ एवढ्या गाडीच्या पोटाखाली माथ्यावर चाकांच्या रेषेपासून चार सेंटिमीटरसुद्धा वर येत नाही. पोट घासतं ते गल्लीत रातोरात घातलेल्या डांबराच्या वरवंट्यावर. कायद्याचं म्हणाल तर कंपनीने नमूद केलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी ते वाचलेलं बरं.

आपल्या गाडीला किती वाव लागतो, हे कळायला यंत्र लागत नाही. शॉकअपच्या दांड्यावर एक प्लास्टिकची पट्टी सैलसर आवळून सरकवत खाली त्याच्या शरीरापाशी आणायची आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने गाडी चालवायची. सगळ्यात मोठ्या धक्क्याला दांडा जितका आत गेला, तितकी ती दांड्यावर वर सरकलेली सापडते. तिच्यापासून बंप स्टॉपपर्यंत १५ मिलिमीटर कोरा दांडा उरला असेल, तर विशबोनच्या गाडीत चाकापाशी वीसेक मिलिमीटर शिल्लक आहेत, आणि त्यातूनच काय ते उतरवायचं. पट्टी बंप स्टॉपलाच जाऊन चिकटली असेल, तर आहे त्या उंचीवरही स्प्रिंग अपुरी आहे.